घोड्याला दरवाजा असतो का?

मास्तरांच्या गळ्यात कायम शिंप्याची टेप असायची. पिवळी, मेणकापडाची आणि पहिले दोन इंच तुटून गेलेली. त्यामुळे मोजणी दोनापासून सुरू व्हायची आणि शेवटी आलेल्या आकड्यातून दोन वजा करावे लागायचे. ते कधी करायचे, कधी विसरायचे. उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या बऱ्याच गाड्यांचे बंपर त्या काळात दोन इंच पुढे का आलेले असत, याचं कारण मी आज पहिल्यांदाच लिहून ठेवते आहे.

मला त्यांच्याबद्दल नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे लिहायला बसलं की अजूनही वाटतं, कुणीतरी मागून येऊन वही बघेल आणि विचारेल, हे तुला कुणी सांगितलं लिहायला? मास्तरांनी सांगितलं नव्हतं. ते फक्त म्हणाले होते, "इतिहास पढती है ना? तो कभी सच भी लिखना, पुट." पुट म्हणजे सिंधीत बेटा. मुलींनाही ते पुटच म्हणायचे.

ते शिंपी नव्हते. शिंपी त्यांचे वडील. वडील सिंधमधून एक शिलाई मशीन आणि एक मुलगा घेऊन कॅम्पात आले, आणि मास्तरांच्या म्हणण्याप्रमाणे वाटेत त्यांनी जास्त काळजी मशीनची घेतली. ते मशीन पुढे मास्तरांच्या वर्कशॉपात कोपऱ्यात होतं. गाड्यांच्या सीटचं रेक्झिन ते त्यावरच शिवायचे. बाकी काम पत्र्याचं: कापायचं, ठोकायचं, वेल्डिंग करायचं, रंगवायचं. दुसरे लोक पाटीवर 'डेंटिंग पेंटिंग' लिहीत. मास्तरांच्या पाटीवर होतं, 'येथे गाडी अल्टर करून मिळेल'.

माझा त्यांच्याशी संबंध पापडांमुळे आला. आई अंबरनाथला घरी पापड लाटायची, मास्तरांच्या बायकोसाठी. त्यांना सगळे चाची म्हणत. कॉलेज उल्हासनगरलाच होतं, म्हणून पापडांचं गाठोडं पोचवायचं काम माझं. घराच्या पुढच्या अंगणाचे दोन भाग होते. एका भागात खाटांवर पापड, दुसऱ्या भागात गाड्या. पापड बाहेर असताना स्प्रे मारायचा नाही, असा नियम होता. तो एकदाच मोडला. त्या दिवशी दोन खाटांवरचे पापड पिस्ता रंगाचे झाले. चाची सिंधीत जे बोलल्या त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही, पण शेजारच्या घराच्या खिडक्या बंद झाल्या. ते पापड पुढे कुठे गेले, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि टेप काढून चाचींच्या हातात दिली. बाईमाणसाचं माप ते स्वतः घेत नसत.

"कशाला?" मी घाबरून विचारलं.

"दे दे," चाची म्हणाल्या. "त्याला माप नाही मिळालं तर त्याला जेवण जात नाही."

चाचींनी माझी उंची घेतली, खांद्यापासून कोपरापर्यंत हात घेतला. मास्तरांनी वहीत लिहिलं. कॅम्पातल्या निम्म्या लोकांची मापं त्या वहीत होती, त्यांच्याकडे गाडी असो वा नसो. "आधी माणसाचं माप, मग गाडीचं," ते म्हणायचे. "कंपनी काय करते? आधी गाडी बनवते, मग माणूस शोधते. उलटा धंदा आहे."

त्या वेळी रस्त्यावर गाड्याच मुळी दोन-तीन प्रकारच्या असायच्या. अँबेसिडर म्हणजे अँबेसिडर. पांढरी, नाहीतर काळी, नाहीतर एक मळकट निळी. डॉक्टरची तीच, कापडवाल्याची तीच. मास्तरांना याचा मनापासून राग यायचा. "एका आईला दहा पोरं झाली तरी ती दहा नावं ठेवते. इथं लाख गाड्या, सगळ्यांचं तोंड एक!" म्हणून ते तोंड बदलून द्यायचे. एका कापडवाल्याच्या गाडीला त्यांनी मागे माशासारखे पंख लावले होते. एका मिठाईवाल्याचं पोट स्टेअरिंगला लागायचं, तर त्यांनी सीट मागे नेली. मग पाय पोचेनात, म्हणून क्लच-ब्रेकला लाकडी ठोकळे बसवले. एका वैद्यांनी मागची सीट उलटी, मागे तोंड करून बसवून घेतली होती, कारण भागीदार पाठीमागून काय करतो ते त्यांना सतत बघायचं असे. पडदे, झुंबर, बारा सुरांचा हॉर्न, बॉनेटवर पितळी मोर, जो जे मागेल ते. पासिंगला जायचं असलं की पंख चार बोल्ट काढून उतरवायचे, मोर पिशवीत, पडदे धुवायला. गाडी सोवळ्यात जाऊन यायची आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा नटायची.

त्यांची एक सवय मात्र खानदानी होती. गिऱ्हाईकाच्या गाडीचा जो पत्रा कापून निघेल, तो ते वर्तमानपत्रात गुंडाळून, वर सुतळी बांधून परत द्यायचे. "शिवून उरलेलं कापड गिऱ्हाईकाचं. माझा बाप रुमालाएवढा तुकडा पण ठेवून घेत नव्हता." गिऱ्हाईक बिचारं तो पत्रा हातात घेऊन उभं राहायचं. नको म्हणायची सोय नव्हती. मास्तरांना तो बापाचा अपमान वाटे.

अंगणाच्या टोकाला त्यांची स्वतःची एक जुनी अँबेसिडर उभी होती, चाकांखाली विटा. मी त्या गाडीत बसून अभ्यास करू लागले. घरी एका खोलीत आम्ही सहा जणं. त्यात पापडाचं पीठ, त्यात रेडिओ. त्या गाडीच्या मागच्या सीटवर काचा वर केल्या की ठोकाठोकीचा आवाजसुद्धा लांबून आल्यासारखा वाटायचा. मास्तरांनी कधी हटकलं नाही. उलट एके दिवशी आत डोकावले, मी वही गुडघ्यावर ठेवून लिहितेय हे बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या सीटच्या पाठीला एक उघडमीट होणारी फळी लावलेली होती. बरोबर माझ्या कोपराच्या उंचीवर. वहीतलं माप.

"मास्तरांकडे अभ्यास करते," असं मी घरी सांगितलं होतं. बाबांना बरेच महिने वाटत होतं की उल्हासनगरला कुणीतरी भले शिक्षक मला फुकट शिकवतात.

तसं थोडंफार शिकवायचेही. दुपारी भाकरी खाताना ते गाड्यांचा इतिहास सांगत. "लिही. गाडी बदलायचं काम राजेलोकांनी सुरू केलं. त्यांना दुसऱ्यासारखी गाडी चालायचीच नाही. कुणाला वाघ मारायला उघडी पाहिजे, कुणाला राणीसाठी जाळीची, कुणाला सिंहासन बसवून. मग राजे गेले. गाड्या भंगारात गेल्या. आणि भंगार कुठे आलं?"

"कुठे?"

"उल्हासनगर!" असं म्हणून ते पेटीतून एक पितळी हँडल काढायचे. कुठल्याशा संस्थानच्या महाराजांच्या गाडीचं. कुठल्या संस्थानच्या, ते प्रत्येक वेळी बदलायचं. मी एकदा धीर करून म्हटलं, "मागच्या वेळी तुम्ही दुसरं नाव सांगितलं होतं." मास्तर म्हणाले, "राजाने पण गाडी विकली असेल ना? तू इतिहास शिकतेस की पोलिसात आहेस?"

पण एका गोष्टीवर ते गप्प व्हायचे, आणि ती गोष्ट सगळ्या कॅम्पाला माहीत होती. टप, म्हणजे गाडीचं छत, कापायची गोष्ट.

मी यायच्या आधी कधीतरी त्यांनी एका लग्नासाठी एका गाडीचा टप कापून ती उघडी केली होती. गाडी सुंदर दिसत होती म्हणतात. पण टप नुसता सावलीसाठी नसतो. तो गाडीला वरून धरून ठेवतो, हे मास्तरांना कापून झाल्यावर कळलं. नवरा, त्याची आई, दोन बहिणी आणि एक जाडा भाऊजी बसल्याबरोबर गाडी मधोमध खाटेसारखी खचली आणि चारही दरवाजे चौकटीत रुतून बसले. मांडवाशी आल्यावर एकही उघडेना. शेवटी बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवून नवऱ्याला काखेत धरून बाहेर उपसला. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे कापलेला टप वर्तमानपत्रात गुंडाळून, त्याला दोन अख्खे अंक लागले, नवऱ्याच्या घरी नेऊन दिला. त्या घरच्यांनी त्याखाली कोंबड्या ठेवल्या. तेव्हापासून कॅम्पात कुणाचं दार अडकलं की लोक म्हणत, "मास्टरजीला बोलवा, कापून देईल." टपाचं काम त्यांना पुन्हा कुणी दिलं नाही.

मी तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा दादाचं लग्न ठरलं. दादा माझा मोठा भाऊ, बाबांच्याच कंपनीत लागलेला. मुलगी बदलापूरची, कात्रपची. आमच्यात मुहूर्त बघत नाहीत, रविवार बघतात. मे महिन्यातला एक रविवार ठरला, आणि तोच सगळ्यांचा ठरला होता. बाबांची एकच अट होती. दादा अंबरनाथपासून कात्रपपर्यंत उघड्या गाडीतून जाईल. ते कल्याणला दोनदा जाऊन आले. उघड्या गाड्या होत्याच दोन-चार, त्या गेलेल्या.

"टॅक्सी करा की," आई म्हणाली. "फुलं लावू. छान दिसते."

"बंद गाडीत कोण बसलंय ते दिसतं का?"

"नवरा बसलाय हे लोकांना कळत नाही काय?"

"दिसलं पाहिजे," बाबा म्हणाले, आणि जेवणावरून उठले. बाबा जेवणावरून उठणारे नव्हते. धिप्पाड माणूस, पाच भाकऱ्यांचा. त्या रात्री आम्ही सगळेच कमी जेवलो.

मला बोलायचं नव्हतं. पण बाबांचं तोंड बघवेना. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "आमचे मास्तर आहेत, ते गाडी उघडी करतात."

"शिक्षक?" बाबा म्हणाले.

तिथून सगळं सांगावं लागलं. कोंबड्यांचं सोडून.

बाबा रविवारी माझ्याबरोबर आले. कंपनीत ते फिटर होते, तीस वर्षं लोखंडात गेलेली. त्यांनी मास्तरांना नमस्कार करायच्या आधी अँबेसिडरला केला म्हटलं तरी चालेल. खाली वाकून, चासीला बोटाने टकटक करून बघितलं. मास्तरांनी तोवर नेहमीप्रमाणे त्यांच्या छातीला टेप लावली होती.

"हे काय?"

"माप. उघडीच गाडी का पाहिजे, ते बोला."

बाबा माझ्याकडे बघून थांबले. मग मास्तरांकडे बघून, पण मला ऐकू येईल असं बोलले. मी ते त्याआधी कधी ऐकलेलं नव्हतं.

"माझ्या लग्नात माझ्या बापानं घोडी आणली होती. भाड्याची. वेशीपर्यंत बसून आलो. वेशीवर चार जण उभे होते. उतर म्हणाले. उतरलो. चप्पल काढ म्हणाले. काढली. मग चप्पल हातात घेऊन मांडवापर्यंत चालत गेलो. घोडी पुढं, मी मागं." मग म्हणाले, "घोडीला कुणी काही बोललं नाही."

मास्तरांनी विचारलं, "कितना रस्ता था?"

"तीनशे पावलं असतील."

"चालून दाखवा."

बाबा एक पाऊल चालले. मास्तर गुडघ्यावर बसले आणि त्यांनी ते पाऊल मोजलं. "तीस," ते म्हणाले. मग, "दोन गेले. अठ्ठावीस." त्या दिवशी ते दोन वजा करायला विसरले नाहीत. वहीत गुणाकार केला. "सातशे फूट. आणि अंबरनाथ ते कात्रप?"

"सात-आठ किलोमीटर," मी म्हटलं.

मास्तरांनी वही मिटली. "बस. बनवतो. हीच कापू, माझीवाली."

लग्नाला पाच आठवडे होते. माझी परीक्षा तीन आठवड्यांवर. माझ्या अभ्यासिकेचा टप पहिल्याच दिवशी उतरला. मी डोक्यावर ओढणी घेऊन त्याच सीटवर वाचत बसले. एप्रिलच्या उन्हात मी संस्थानांचं विलीनीकरण पाठ केलं.

बाबा ड्युटी सुटली की येत. दोघांची भांडणं ऐकण्यासारखी असत. बाबांचं म्हणणं, टप कापला म्हणजे पूल मधे कापल्यासारखं आहे, खालून दोन्ही बाजूंना लोखंडी चॅनेल टाकल्याशिवाय गाडी उभी राहणार नाही. मास्तरांचं म्हणणं, चॅनेल टाकू, पण रिकाम्या गाडीला टाकून उपयोग नाही. "पॅन्टची फिटिंग माणूस आत असताना बघतात, की खुंटीवर टांगून?"

म्हणून वेल्डिंगच्या दिवशी त्यांनी गाडीत माणसं भरली. पुढे ड्रायव्हरच्या जागी चाची, कारण त्यांचं आणि मास्तरांचं वजन सारखं होतं. हे मास्तरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, त्यावर चाची अर्धा तास बोलल्या नाहीत. त्यांच्या शेजारी पापडाच्या पिठाचा डबा. मागे मधे दादा, उजवीकडे करवली म्हणून मी, मांडीवर पुस्तक. डावीकडे मामा बसायचे होते. आईचे भाऊ. लग्नात नवऱ्याशेजारी मामा बसणार आणि बाबा बँडच्या पुढे चालणार, असं ठरलेलं. पण मामा त्या दिवशी आले नाहीत.

"तुम्ही बसा," मास्तर बाबांना म्हणाले.

"मी? मी तर चालणार आहे."

"आता बसा. कुणाचं तरी वजन पाहिजे."

बाबा बसले. गाडी डावीकडे टेकली. मी किडकिडीत, बाबा धिप्पाड. मास्तरांनी लांबून एक डोळा मिटून बघितलं आणि मागच्या डाव्या चाकावरच्या कमानीत, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांत, लोखंडाचा एक पाटा जास्त घातला. गाडी सरळ झाली. मग आम्ही आत बसलेलो असतानाच ते खाली झोपले आणि चॅनेल वेल्ड केले. बुडाखालून निळा उजेड आणि ठिणग्या, आणि वर आम्ही चौघं फोटो काढायला बसल्यासारखे ताठ. "हलू नका!" खालून मास्तर ओरडायचे. "हसू नका! हसलं की वजन बदलतं!" त्यावर दादा जास्तच हसायचा.

वेल्डिंग संपवून बाहेर आले तेव्हा आमच्या लक्षात आलं, त्यांनी चारही दरवाजे चौकटीला कायमचे वेल्ड करून टाकले होते.

"मास्टर!" बाबा पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलले. "दरवाजे?"

"दरवाजाच नाही तर अडकणार काय?"

"आणि नवरा चढणार कसा?"

मास्तरांनी चाचींचा पापड लाटायचा पाट आणून गाडीच्या बाजूला ठेवला. त्यावर एक पाय ठेवून दाखवला. "घोड्याला दरवाजा असतो का?"

बाबा हसले. बाबांना मी तसं हसताना फार वेळा पाहिलं नाही. बाहेर यायला मात्र चौघांना एकेक करून वरून चढूनच उतरावं लागलं. चाची सगळ्यात शेवटी, आणि त्यांनी पाट परत घेतला.

बंद दरवाजावर मास्तरांनी महाराजांचं पितळी हँडल बसवलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. "राजा स्वतः दरवाजा उघडतो का?" ते म्हणाले.

लग्नाच्या दिवशी दुपारी चारला गाडी आमच्या चाळीपुढे आली. दुधाळ पांढरी, मागे अबोली रंगाचं रेक्झिन. मास्तर स्टेअरिंगवर, पांढरा शर्ट, गळ्यात टाय लावावी तशी टेप. पोरांनी गराडा घातला. कुणीतरी हँडल ओढून बघितलं. बँड तयार होता. दादा पांढऱ्या कपड्यांत आला, पाटावर पाय ठेवून आत गेला. मी गेले. मग मामा चढले. मामा म्हणजे नुसती काठी, शर्ट वाळत घातल्यासारखा अंगावर.

मास्तर उतरले. गाडीच्या मागे गेले. एक डोळा मिटला.

"उतरा," ते मामांना म्हणाले.

"का?"

"गाडी तिरकी आहे. तुम्ही मापात नाही."

"अहो मी नवऱ्याचा मामा आहे!"

"असाल. पाटा तुमचा नाही."

मामा रागाने लाल. आई मधे पडली, "मास्तर, चालेल हो थोडी तिरकी." नवरीकडून न्यायला आलेला एक जाडा पाहुणा म्हणाला, मी बसतो. मास्तरांनी त्याला डोळ्यांनीच मोजलं आणि मान हलवली. "तू बसलास तर खड्डा. नाही." मग चावी काढून खिशात टाकली आणि बाबांकडे बोट केलं. "ते बसतील. नाहीतर गाडी निघणार नाही."

बाबा बँडच्या पुढे उभे होते, डोक्याला फेटा. ते म्हणाले, "मास्टर, बाप चालतो. मी चालणार. मला चालायचंय."

"तुम्ही चाललात एकदा," मास्तर म्हणाले. "मी मोजलंय."

बँडवाले थांबले होते. चाळीतली सगळी माणसं बघत होती आणि कुणालाच कशाबद्दल बोलणं चाललंय ते कळत नव्हतं. आईला कळलं असावं. तिने बाबांच्या फेट्याचं टोक उगाच नीट केलं आणि त्यांना पाठीवर हलकंसं ढकललं.

बाबा गाडीपाशी आले. पाटापाशी थांबले. आणि सवयीने, इतक्या सहज की त्यांना स्वतःलाही कळलं नसेल, वाकून त्यांनी चप्पल काढली आणि हातात घेतली.

"ओ फिटर," मास्तर ओरडले. "चप्पल घाला पायात!"

"नवीन रेक्झिन आहे..."

"सीट मी धुतो. घाला आधी."

बाबांनी चप्पल पायात घातली. पाटावर एक पाय ठेवला, आणि दुसरा, चपलेसकट, अबोली सीटवर. गाडी सरळ झाली. बँड सुरू झाला. अंबरनाथच्या बाजारातून, मग बदलापूर रस्त्याने, सात-आठ किलोमीटर, आम्ही चालत्या माणसाच्या वेगाने गेलो. मामा पुढे चालले आणि कात्रपपर्यंत एकदाही मागे वळले नाहीत. बाबा सगळा वेळ समोर बघत होते. फक्त एकदा मला म्हणाले, "उंच आहे गं."

वेल्डिंगच्या दिवशी मामा येणार नाहीत हे मास्तरांनीच आधी जमवलं होतं, असं आईचं ठाम मत होतं. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "मी शिंप्याचा पोरगा आहे. नेता नाही."

गाडी पुढे कितीतरी लग्नांना गेली. रिकामी असली की डावीकडून थोडी उचललेली दिसायची. नवरे तक्रार करत की फोटोत आम्ही कलंडलेले येतो. "पाटा काढा ना एक," लोक सांगत. मास्तर म्हणत, "ते कुणाचं तरी माप आहे. मी दुसऱ्याचा कपडा उसवत नाही."

नव्वदनंतर नवीन गाड्या आल्या. नाना रंगांच्या, आतच टेपरेकॉर्डर, आतच थंड हवा. लोक त्या जशा आल्या तशा चालवू लागले. एकदा कॅम्पात कुणीतरी अशी गाडी कौतुकाने दाखवायला आणली. मास्तरांनी प्लास्टिकच्या बंपरवर बोटाने वाजवलं. "ही तर बादली आहे," ते म्हणाले. पण हात फिरवत जरा वेळ उभे राहिले. मला म्हणाले, "सगळं आधीच लावून देतात, पुट. आता माणसाने मागायचं काय?" वर्कशॉपात पापडांच्या खाटा हळूहळू गाड्यांच्या भागात सरकत आल्या. मी बी.ए. झाले, मग बी.एड., कात्रपच्या एका शाळेत लागले. तिथे मलाही आता मुलं बाई म्हणतात, आणि मला अजून मागे वळून बघावंसं वाटतं.

बाबा गेले तेव्हा मी मास्तरांना सांगायला कॅम्पात गेले. ते मशीनवर बसून चाचींच्या पापडांसाठी पिशव्या शिवत होते. त्यांनी ऐकलं. मला चहा दिला आणि स्वतः अंगणात लग्नाच्या गाडीकडे गेले. जॅक लावल्याचा आवाज आला, मग बराच वेळ पान्याचा, मग डाव्या कमानीवर हातोडीचा. या वयात गाडीखाली जाऊ नका म्हणून चाची ओरडल्या. आवाज थांबला नाही.

ते आले तेव्हा हात ग्रीसने काळे होते. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळी बांधलेलं एक लांबट काहीतरी त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं. जड होतं. मी नको म्हणाले नाही.

परत जाताना रिक्षात मी ते मांडीवर आडवं धरून बसले. त्याची दोन्ही टोकं रिक्षाच्या बाहेर येत होती. खड्ड्यातून गेलो तसं ते रिक्षाच्या कडेवर खणकन आपटलं. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.

"ताई, काय आहे एवढं?"

"कापड आहे," मी म्हटलं. "वडिलांचं."